ऑप-अँपचे इनपुट: पुस्तकातले आणि ब्रेडबोर्डवरचे

ऑप-अँप (ऑपरेशनल अँप्लिफायर, म्हणजे दोन इनपुटांमधला व्होल्टेजचा फरक प्रचंड वाढवून आउटपुटावर देणारी चिप किंवा आयसी) शिकायला सुरुवात केली की पहिल्याच आठवड्यात दोन नियम वहीत उतरतात. दोन्ही इनपुटांत प्रवाह मुळीच शिरत नाही, हा पहिला. आणि निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुट पुन्हा इन्व्हर्टिंग इनपुटाकडे नेणारी जोडणी) जोडलेला असताना दोन्ही इनपुटांचे व्होल्टेज एकसारखे राहते, हा दुसरा. या दोन नियमांच्या आधारे इन्व्हर्टिंग, नॉन-इन्व्हर्टिंग, समिंग असे सगळे अँप्लिफायर कागदावर सोडवता येतात, आणि उत्तरे बहुतेक वेळा प्रत्यक्षाच्या इतकी जवळ येतात की हे नियम शिकवण्याच्या सोयीसाठी गृहीत धरलेल्या आदर्श स्थितीचे आहेत, याचा विसर पडतो. मग एखाद्या दिवशी सर्किट आकृतीबरहुकूम जोडलेले असते, सप्लाय बरोबर असतो, आयसी नवी असते आणि तरीही आउटपुट एका टोकाला जाऊन बसते.

प्रात्यक्षिके घेताना मला दिसलेल्या अशा बिघाडांपैकी बहुतेकांचे मूळ एकच होते: पहिला नियम शब्दशः खरा मानला गेला होता. प्रत्यक्ष ऑप-अँपच्या प्रत्येक इनपुटातून थोडा प्रवाह वाहतोच, आणि त्या प्रवाहाला ये-जा करायला डीसी वाट ठेवावीच लागते. ही गोष्ट नुसती वाचून मनात ठसत नाही. स्वतःच्या मल्टीमीटरवर आकडा पाहिला की ठसते. म्हणून पुढची मांडणी मोजमापाच्या क्रमाने केली आहे.

तयारी

७४१ या आयसीपासून सुरुवात करावी. ती १९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीने बाजारात आणली. आज नव्या रचनेसाठी तिची शिफारस कोणी करणार नाही, पण शिकण्यासाठी ती उत्तम आहे, कारण तिच्या इनपुटाचे दोष साध्या मल्टीमीटरवर दिसण्याइतके मोठे आहेत. सोबत टीएल०७१ आणि एलएम३५८ या आयसी, १०० ओहम, १०० किलोओहम आणि १ मेगाओहमचे रेझिस्टर (मेगाओहमचे दोन), १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून रोध बदलता येणारा छोटा रेझिस्टर), १ नॅनोफॅरड आणि १० नॅनोफॅरडचे पॉलिएस्टर कपॅसिटर, १ मायक्रोफॅरडचा ध्रुवता नसलेला कपॅसिटर आणि सप्लायसाठी ०.१ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर घ्यावेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सामान एका फेरीत मिळते.

९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून त्यांच्या मधल्या बिंदूला ग्राउंड मानावे, म्हणजे अधिक ९ आणि उणे ९ व्होल्ट असा दुहेरी सप्लाय तयार होतो. बॅटरीचा फायदा असा की, मेन्सवरच्या स्वस्त अडॅप्टरची घरघर मोजमापात शिरत नाही. ७४१ च्या आठ पायांच्या आयसीत २ क्रमांकाचा पाय इन्व्हर्टिंग (आउटपुटाला उलट दिशेला नेणाऱ्या) इनपुटाचा, ३ नॉन-इन्व्हर्टिंग (त्याच दिशेला नेणाऱ्या) इनपुटाचा, ४ उणे सप्लायचा, ६ आउटपुटाचा आणि ७ अधिक सप्लायचा असतो. टीएल०७१ चे हे पाचही पाय याच जागी असल्यामुळे पुढे नुसती आयसी बदलता येते. एलएम३५८ मध्ये मात्र दोन ऑप-अँप असतात आणि तिची पायांची मांडणी वेगळी आहे: अधिक सप्लाय ८ व्या पायावर आणि पहिल्या ऑप-अँपचे आउटपुट १ ल्या पायावर येते. आयसी बदलताना इकडे दुर्लक्ष झाले तर ती तापते आणि निकामी होते. सप्लायचे दोन्ही पाय ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने ग्राउंडला जोडावेत आणि ते कपॅसिटर आयसीला अगदी खेटून असावेत.

पहिली पायरी: ऑफसेट व्होल्टेज डोळ्यांनी पाहणे

नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट थेट ग्राउंडला जोडावे. इन्व्हर्टिंग इनपुटापासून ग्राउंडपर्यंत १०० ओहम आणि आउटपुटापासून इन्व्हर्टिंग इनपुटापर्यंत १०० किलोओहम लावावा. हा १००१ पट वाढवणारा अँप्लिफायर झाला. त्याला दिलेला सिग्नल शून्य आहे, त्यामुळे आदर्श ऑप-अँपचे आउटपुटही शून्यच यायला हवे. ७४१ मध्ये मात्र ते एक-दोन व्होल्ट अधिक किंवा उणे आलेले दिसेल.

या आकड्याला सुमारे १००० ने भागले की इनपुट ऑफसेट व्होल्टेज मिळते. समजा, मीटरवर उणे १.६ व्होल्ट आले, तर ऑफसेट १.६ मिलिव्होल्ट आहे. आतल्या इनपुट जोडीतील दोन ट्रान्झिस्टर एकाच सिलिकॉनवर शेजारी शेजारी घडवलेले असले तरी तंतोतंत सारखे होत नाहीत. त्यांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये उरलेला तो किंचित फरक म्हणजे हा ऑफसेट. साध्या ७४१ च्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) तो नमुनेदार, म्हणजे सर्वसाधारणपणे आढळणारा, २ मिलिव्होल्ट आणि जास्तीत जास्त ६ मिलिव्होल्ट दिलेला असतो. आता आयसीवर बोट टेकवून अर्धा मिनिट थांबावे. तापमान बदलते तसे आउटपुट हळूहळू सरकू लागते. एकदा शून्यावर आणलेला ऑफसेट कायम शून्यावर का राहत नाही, याचे कारण हे सरकणे आहे.

दोन मिलिव्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण के-प्रकारचे थर्मोकपल एका अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्टच देते. त्याच्यापुढे ७४१ लावली तर २ मिलिव्होल्टच्या ऑफसेटमुळे तापमानाच्या वाचनात जवळजवळ ५० अंशांची चूक येईल. ओपी०७ सारख्या आयसीत ऑफसेट काही दशक मायक्रोव्होल्टच असतो, त्यामुळे हीच चूक एक-दीड अंशावर येते. याउलट, दोन व्होल्टचा ऑडिओ सिग्नल कपॅसिटरमधून पुढे जाणार असेल तर हा ऑफसेट विसरून गेले तरी चालते. दोष मोठा की लहान, हे नेहमी सिग्नलच्या तुलनेतच ठरवावे.

७४१ मध्ये ऑफसेट शून्यावर आणायची सोय आहे. १० किलोओहमच्या प्रीसेटची दोन टोके १ आणि ५ क्रमांकांच्या पायांना आणि मधला पाय उणे सप्लायला जोडून तो फिरवावा. ही जोडणी सर्व आयसींना सारखी नसते, हे मात्र ध्यानात ठेवावे. ओपी०७ मध्ये प्रीसेट १ आणि ८ या पायांमध्ये लागतो आणि त्याचा मधला पाय अधिक सप्लायला जातो. ७४१ काढून त्याच जागी ओपी०७ बसवताना हा फरक हमखास निसटतो.

दुसरी पायरी: इनपुटात शिरणारा प्रवाह मोजणे

आता १०० ओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर आणि प्रीसेट काढून टाकावेत, आउटपुट तारेने थेट इन्व्हर्टिंग इनपुटाला जोडावे आणि नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट ग्राउंडवर ठेवून आउटपुट टिपून घ्यावे. हा झाला एकपट ऑफसेट, म्हणजे एक-दोन मिलिव्होल्ट. त्यानंतर नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये तारेऐवजी १ मेगाओहमचा रेझिस्टर लावावा आणि मेन्सची घरघर दबावी म्हणून त्याला समांतर १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा.

सिग्नल अजूनही शून्य आहे आणि आदर्श नियमानुसार त्या रेझिस्टरमधून प्रवाह वाहायला नको. तरीही आउटपुट उणे दिशेला काही दशक मिलिव्होल्ट गेलेले दिसेल. ते उणे ८० मिलिव्होल्ट असेल तर ओहमच्या नियमाने ८० मिलिव्होल्ट भागिले १ मेगाओहम, म्हणजे ८० नॅनोअँपिअर प्रवाह ग्राउंडकडून रेझिस्टरमार्गे इनपुटात शिरत आहे. (काटेकोर उत्तर हवे असेल तर आधी टिपलेला ऑफसेट त्यातून वजा करावा.) हाच इनपुट बायस प्रवाह. ७४१ च्या डेटाशीटमध्ये तो नमुनेदार ८० आणि कमाल ५०० नॅनोअँपिअर दिलेला आहे. आपल्या हाती आलेल्या आयसीत तो बराच कमीही आढळू शकतो.

हा प्रवाह म्हणजे गळती किंवा बिघाड नव्हे. इनपुटाला एनपीएन ट्रान्झिस्टरचा बेस जोडलेला आहे आणि ट्रान्झिस्टर चालता राहण्यासाठी त्याला बेस प्रवाह लागतो. कलेक्टरमधून सुमारे १० मायक्रोअँपिअर वाहत असतील आणि ट्रान्झिस्टरची प्रवाहवृद्धी शे-दोनशे पट असेल, तर बेसला ५० ते १०० नॅनोअँपिअर लागणारच. एलएम३५८ मध्ये इनपुटाला पीएनपी ट्रान्झिस्टर आहेत, म्हणून तिच्यात प्रवाह इनपुटातून बाहेर पडतो. तिच्यावर हाच प्रयोग केला तर आउटपुट अधिक दिशेला सरकते, साधारण ४५ मिलिव्होल्टच्या आसपास. दिशेतला हा फरक स्वतः पाहावाच. आयसीच्या पोटात काय आहे, ते बाहेरून कळण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

मोजताना एक काळजी घ्यावी. मल्टीमीटर आउटपुटावरच लावावा, इनपुटाच्या पायावर नव्हे. डिजिटल मल्टीमीटरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो; तो १ मेगाओहमला समांतर आला की एकूण रोध ०.९१ मेगाओहम होतो आणि वाचन ९ टक्क्यांनी घसरते. आउटपुट मात्र इनपुटाचेच व्होल्टेज दाखवते आणि मीटरचा भार सहज पेलते.

पुढे ७४१ वरच रेझिस्टरची जागा बदलावी: नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट थेट ग्राउंडला आणि १ मेगाओहम आउटपुट ते इन्व्हर्टिंग इनपुट यांच्यामध्ये, त्याला समांतर १ नॅनोफॅरड. हा कपॅसिटर वगळू नये, नाहीतर भटक्या धारितेमुळे (तारा आणि ब्रेडबोर्ड यांच्यातल्या नकळत तयार झालेल्या कपॅसिटरमुळे) सर्किटचे आउटपुट आपोआप वर-खाली हेलकावू लागण्याचा धोका असतो. या वेळी आउटपुट अधिक दिशेला जाईल आणि दुसऱ्या इनपुटाचा प्रवाह कळेल. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, पण तंतोतंत नसतील. त्यांतील फरक म्हणजे इनपुट ऑफसेट प्रवाह, ७४१ मध्ये नमुनेदार २० नॅनोअँपिअर. शेवटी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी १ मेगाओहम लावून पाहावे. दोन्ही बाजूंचा परिणाम एकमेकांना खोडतो आणि आउटपुटावर मुख्यतः हा फरकच उरतो.

इन्व्हर्टिंग अँप्लिफायरच्या आकृतीत नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक वरवर निरर्थक रेझिस्टर दिसतो, त्याचा खुलासा इथे होतो. इनपुटाचा रेझिस्टर १० किलोओहम आणि फीडबॅकचा १०० किलोओहम असेल तर त्या दोघांचा समांतर रोध, म्हणजे सुमारे ९.१ किलोओहम, तिथे लावतात. त्याच्यावाचून बायस प्रवाहामुळे आउटपुटात ८ मिलिव्होल्टची चूक आली असती. तो लावल्यावर सुमारे २ मिलिव्होल्टची राहते. मात्र ही युक्ती डोळे झाकून सगळीकडे वापरू नये. ओपी०७ मध्ये बायस प्रवाह आतल्या आतच बहुतांशी खोडून काढलेला असतो. उरलेला प्रवाह दोन्ही इनपुटांत सारख्या दिशेचा असेलच असे नाही, त्यामुळे तिथे हा रेझिस्टर जोडून काही साधत नाही.

तिसरी पायरी: वाट बंद केली तर काय होते

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग हाच आहे. पुन्हा ७४१ चा एकपट बफर (आउटपुट थेट इन्व्हर्टिंग इनपुटाला जोडलेली आधीचीच जोडणी) करावा, नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटाला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून त्याचे दुसरे टोक ग्राउंडला न्यावे आणि दुसरे काहीही जोडू नये. कपॅसिटर तारेने क्षणभर शॉर्ट करावा, तार काढावी आणि मीटरकडे पाहत राहावे. आउटपुट शून्यावरून निघून दर सेकंदाला सुमारे ८० मिलिव्होल्टच्या वेगाने उणे दिशेला सरकत जाईल आणि दीड-दोन मिनिटांत उणे टोकाला जाऊन थांबेल. बायस प्रवाहाला वाट न मिळाल्यामुळे तो कपॅसिटरच भारित करत गेला. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा असता तर हाच प्रवास नऊ-दहा सेकंदांत संपला असता.

मायक्रोफोन किंवा मोबाइलचा सिग्नल कपॅसिटरमधून नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटाला देणारी जोडणी नवशिके वारंवार करतात आणि तिच्यात नेमकी हीच चूक असते. मी स्वतः विद्यार्थी असताना अशा एका प्रीअँप्लिफायरच्या तीन आयसी बदलल्या होत्या. प्रत्येक नवी आयसी काही सेकंद आवाज देई आणि मग गप्प होई, त्यामुळे आयसीच जळत आहेत असे वाटत राहिले. त्या तिन्ही शाबूत होत्या. बदलताना बोट लागून कपॅसिटर रिकामा होत असे आणि थोडा वेळ सगळे सुरळीत चालत असे, एवढेच.

उपाय एका रेझिस्टरचा आहे: इनपुटाच्या पायापासून ग्राउंडपर्यंत १०० किलोओहम. १ मायक्रोफॅरडसह तो १.६ हर्ट्झच्या खालचे काढून टाकतो, म्हणजे ध्वनीला धक्का लागत नाही, आणि इनपुट फक्त ८ मिलिव्होल्टने सरकते. इथे १ मेगाओहम लावण्याचा मोह होतो, कारण त्यामुळे सिग्नलवर भार कमी पडतो. पण मग इनपुट ८० मिलिव्होल्टने सरकेल, आणि अँप्लिफायर १०० पट वाढवणारा असेल तर आउटपुटाला ८ व्होल्ट हवे होतील, जे ९ व्होल्टच्या बॅटरीवर ७४१ देऊ शकत नाही. फीडबॅकमधल्या ग्राउंडकडच्या रेझिस्टरला एकसर कपॅसिटर जोडला की डीसीसाठी वाढ एकपटच राहते आणि ही अडचण सुटते. जमिनीपासून अलग असलेले थर्मोकपल किंवा ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायरला (दोन टोकांमधला फरक अचूक वाढवणाऱ्या अँप्लिफायरला) जोडतानाही एक टोक योग्य रोधातून ग्राउंडला न्यावे लागते, त्याचे कारण हेच.

चौथी पायरी: एफईटी इनपुट आणि पावसाळी हवा

आता टीएल०७१ बसवावी. तिच्या इनपुटाला जेएफईटी (बेस प्रवाहाऐवजी व्होल्टेजने नियंत्रित होणारे एफईटी प्रकारचे ट्रान्झिस्टर) आहेत आणि २५ अंशांना तिचा बायस प्रवाह नमुनेदार ६५ पिकोअँपिअर, म्हणजे ७४१ च्या हजाराव्या भागापेक्षा थोडा कमी असतो. १ मेगाओहमवर तो ६५ मायक्रोव्होल्टच उमटवेल आणि तिच्या स्वतःच्या ३ मिलिव्होल्टच्या ऑफसेटखाली झाकला जाईल. म्हणून इथे कपॅसिटरची पद्धत वापरावी: नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटाला १० नॅनोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर, शॉर्ट काढल्यावर घड्याळ लावून मोजणी. ६५ पिकोअँपिअरला दर सेकंदाला ६.५ मिलिव्होल्ट, म्हणजे मिनिटाला सुमारे ०.४ व्होल्ट सरकायला हवे.

जुलै महिन्यात मुंबईत किंवा कोकणात हा प्रयोग केला तर आकडा बहुधा याहून बराच मोठा येईल. त्यासाठी आयसीला दोष देऊ नये. ३ क्रमांकाच्या इनपुटाचा सख्खा शेजारी ४ क्रमांकाचा पाय आहे आणि त्यावर उणे ९ व्होल्ट आहेत. ब्रेडबोर्डवरची ओल, धूळ आणि बोटांचा घाम मिळून या दोघांमधला रोध १० गिगाओहम इतका झाला, तरी ९०० पिकोअँपिअर गळतात, म्हणजे मोजायच्या प्रवाहाच्या चौदापट. आयसीचा ३ रा पाय अलगद वर वाकवून हवेत ठेवावा, कपॅसिटरचे टोक त्यालाच डकवावे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळे पुसून कोरडे करावे आणि पुन्हा मोजावे. वेग स्पष्टपणे घटलेला दिसेल.

एफईटीचा बायस प्रवाह दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, हेही लक्षात असू द्यावे. २५ अंशांचे ६५ पिकोअँपिअर बंद पेटीतल्या ६५ अंशांना सोळापट, म्हणजे १ नॅनोअँपिअरपर्यंत पोहोचतात.

इनपुट रोधाविषयी थोडेसे

आदर्श ऑप-अँपचा इनपुट रोध अनंत मानतात, तर ७४१ चा डेटाशीटमध्ये २ मेगाओहम दिलेला असतो, आणि नवशिके सर्वाधिक चिंता याच आकड्याची करतात. माझ्या मते ती अनाठायी आहे. हा रोध दोन इनपुटांच्या मधला आहे, आणि फीडबॅक चालू असताना त्या दोन इनपुटांमध्ये सिग्नलचे व्होल्टेज जवळजवळ नसतेच. ७४१ ची ओपन-लूप (फीडबॅकशिवायची) वाढ सुमारे २,००,००० धरली, तर ५ व्होल्टच्या आउटपुटासाठी दोन इनपुटांत फक्त २५ मायक्रोव्होल्ट पुरतात. इतक्या कमी व्होल्टेजमुळे २ मेगाओहममधून वाहणारा प्रवाह नगण्य असतो, म्हणून बफरचा परिणामी इनपुट रोध २ मेगाओहमच्या कितीतरी पट भरतो. सर्किट बिघडवतो तो बायस प्रवाह. डेटाशीटमध्ये आधी तोच शोधावा.

पाचवी पायरी: इनपुट कुठवर जाऊ शकते

आदर्श इनपुटाला कोणतेही व्होल्टेज चालते. ७४१ ला मात्र दोन्ही सप्लायपासून दोन-तीन व्होल्ट अंतर लागते. ±१५ व्होल्टवर तिची खात्रीची मर्यादा ±१२ व्होल्ट आहे. म्हणून मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टवर ७४१ लावली आणि इनपुट ग्राउंडजवळ ठेवले तर ती चालत नाही. एलएम३५८ चे इनपुट ग्राउंडपर्यंत उतरू शकते, पण वरच्या सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच थांबते. ५ व्होल्टवर म्हणजे ० ते ३.५.

बफरच्या इनपुटाला दोन्ही सप्लायमध्ये जोडलेले पोटेन्शिओमीटर लावून ही मर्यादा फिरवून पाहता येते. जुन्या रचनेच्या टीएल०७१ वर हे करताना एक विलक्षण गोष्ट दिसते: इनपुट उणे सप्लायच्या फार जवळ गेले की आउटपुट अचानक उलटून अधिक टोकाला उडी मारते. याला फेज रिव्हर्सल म्हणतात. मोटर किंवा हीटर नियंत्रित करणाऱ्या सर्किटमध्ये अशी उडी धोक्याची ठरू शकते, म्हणून तिथे इनपुट त्या हद्दीपर्यंत जाणारच नाही अशी तजवीज आधीच करावी. एनई५५३२ सारख्या काही आयसींमध्ये दोन इनपुटांच्या मध्ये उलटसुलट डायोड असतात. त्या तुलनाकार म्हणून (दोन व्होल्टेजपैकी मोठे कोणते ते ठरवायला) वापरल्या आणि इनपुटांत सुमारे ०.६ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला की डायोडमधून प्रवाह वाहू लागतो.

निवड करताना

सिग्नल देणाऱ्या स्रोताचा रोध आधी शोधावा, त्याला बायस प्रवाहाने गुणावे आणि येणारी चूक सिग्नलशेजारी मांडावी. पाण्याची किंवा मातीची आम्लता मोजणाऱ्या काचेच्या पीएच इलेक्ट्रोडचे उदाहरण घेऊ. त्याचा रोध १०० मेगाओहम धरला, तर ७४१ चे ८० नॅनोअँपिअर त्यावर ८ व्होल्ट मागतील, आणि इलेक्ट्रोड तर एका पीएच एककाला जेमतेम ५९ मिलिव्होल्ट देतो. टीएल०७१ मुळे येणारी चूक ६.५ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे ०.१ पीएच. बागेतल्या कुंडीसाठी ती चालेल, प्रयोगशाळेसाठी नाही. सीमॉस इनपुटाच्या एलएमसी६६२ चा नमुनेदार बायस प्रवाह २ फेम्टोअँपिअर आहे आणि त्याची चूक मायक्रोव्होल्टच्याही आत राहते. पण तिथवर पोहोचल्यावर चूक आयसीकडून येत नाही, बोर्डावरून येते. म्हणून इनपुटाच्या पायाभोवती तांब्याचे उघडे कडे आखून ते बफरच्या आउटपुटाला जोडावे. कडे आणि पाय यांचे व्होल्टेज सारखेच राहिल्यामुळे त्यांच्यामध्ये गळती होत नाही, आणि शेजारच्या सप्लायकडून येणारी गळती कड्यावरच अडते.